पातळ केलेली अँटिबॉडी

गुरुवारी दिवसभर वीज नव्हती आणि शुक्रवारी माझ्या सगळ्या काचपट्ट्या काळ्या निघाल्या. वीज गेली म्हणूनच, असं सगळ्यांनी धरलं. मला मात्र दुसरं कारण माहीत होतं.

स्नायूच्या सुट्या पेशी एकमेकींत मिसळून लांब धागे होतात. त्यांत एक ठरावीक प्रथिन कितव्या दिवशी दिसू लागतं, हा माझा पीएचडीचा प्रश्न. त्या प्रथिनालाच नेमकी चिकटणारी अँटिबॉडी परदेशातून यायची, नखाएवढ्या कुपीत. ती चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं चमकायचं, नाहीतर काचपट्टी काळीच. कुपी शेवटची होती. वीज गेली की ती बर्फात सांभाळायचं काम चाचांचं. चाचा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, खडकीहून सायकलवर येणारे.

"चाचा, बर्फ बदललात ना?" माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं.

"दोनदा बदलला, मॅडम."

"मग कुपी उन्हात फिरायला गेली होती का?"

चाचा हसले नाहीत. त्यांचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. कुपी चाचांच्या हलगर्जीपणानं खराब झाली, असा ऑफिसला द्यायचा कागद मॅडम लिहायला बसल्या. चाचा आधीच पुसलेला थर्माकोलचा डबा पुन्हा पुसू लागले.

आमच्या घरी खाणारी तोंडं आठ. पाहुणे आले की आई आमटीत तांब्याभर पाणी वाढवायची. कुणी उपाशी उठलं नाही. मीही तेच केलं होतं. कुपी पुरावी म्हणून अँटिबॉडी पाव मात्रेतच घातली आणि वहीत लिहिलं, 'नेहमीप्रमाणे'. घरातली पहिली पदवीधर मी. दुसरी कुपी मागायला माझी जीभ रेटत नव्हती.

"मॅडम, मी पाव मात्रा घातली होती."

पेन थांबलं. "वहीत काय लिहिलंय?"

"नेहमीप्रमाणे."

"म्हणजे खोटं."

"हो."

"पाहुणे आले म्हणून आमटीत पाणी वाढवलंत वाटतं!" त्यांनी कागद फाडला नाही, घडी घालून ठेवला. "कुपी बर्फात टिकली, हे कुठं सिद्ध झालंय? पूर्ण मात्रेच्या दोन पट्ट्या करा. चमकल्या तर हा फाडीन. नाहीतर चाचांचं नाव आहे तसंच राहील."

चाचा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं ना, बेटा."

शनिवारी दुपारी अंधाऱ्या खोलीत मी पहिली पट्टी लावली. काळी. दुसरी लावली. तीही काळीच. मॅडम मागे उभ्या, चाचा दाराबाहेर. मी फोकसची चक्री पुन्हा हळूहळू फिरवली. पट्टी जरा डावीकडे सरकवली, आणि एक हिरवा धागा दिसला. मग त्याच्याशेजारी दुसरा. पहिली पट्टी पुन्हा लावली, तीही तशीच चमकली.

"चाचा, आत या."

त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. "हे तर गवत दिसतंय."

"तेच ते."

मॅडमनी कागद फाडला. मग माझी वही पुढ्यात सरकवली. मी 'नेहमीप्रमाणे' खोडलं, खाली लिहिलं, 'पाव मात्रा, माझ्या मर्जीनं. कुणाला न विचारता.' आणि सही केली.