कोरड्या गोदावरीचं तिकीट

बाबांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या छापखान्यात टपालतिकिटं तपासण्यात गेली. बाहेर पडताना अंगझडती व्हायची. त्यामुळे शेजारपाजारच्यांना वाटायचं तशी आमच्या घरात तिकिटांची रास वगैरे नव्हती. होता तो फक्त माझा अल्बम, पोस्टातून विकत आणलेल्या तिकिटांचा. छपाईत चुकलेलं एक तरी तिकीट आपल्याकडे असावं, असं प्रत्येक संग्राहकाला वाटतं. मला तर लहानपणापासून त्याचाच ध्यास! बाबांना ते कधीच पटलं नाही. चुकलेलं दिसलं की लाल पेन्सिलीने फुली मारायची, एवढंच त्यांना ठाऊक. निवृत्तीनंतरही ती पेन्सिल खिशातून हलली नाही. लग्नपत्रिकेत चूक सापडली तरी फुली मारतात, मग पत्रिका देणारे समोर बसलेले का असेनात.

यंदा गोदाकाठच्या काळ्या दगडाच्या देवळाचं तिकीट निघालं. आपल्या गावचं देऊळ, तिकिटावर! मी सकाळीच मोठ्या पोस्टात हजर. अख्खं पान घेतलं आणि खिडकीपाशीच डोळे भरून पाहिलं. शिखर, नक्षी, पायऱ्या, खाली निळं पाणी. आणि शेवटच्या ओळीत एका तिकिटावर पाणीच नाही. निळा रंग उमटलाच नव्हता! देऊळ जागच्या जागी आणि गोदावरी कोरडी ठाक. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. घरी जाताना द्वारका चौकाच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा राहवेना, म्हणून रिक्षावाल्यालाही दाखवलं.

"उन्हाळ्यातला फोटो दिसतोय," तो म्हणाला.

घरी पोचताच पान बाबांच्या हातात दिलं, नीट बघा म्हटलं आणि आईला बोलवायला आत धावले. तिथेच माझं चुकलं. बाबांना पान दिलं आणि नीट बघा म्हटलं, की ते काय करणार? आम्ही बाहेर येईपर्यंत त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर पोचलं होतं. मी "बाबा" म्हणेस्तोवर पेन्सिल टेकली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ठसठशीत लाल फुली.

"एकच निघालं," ते समाधानाने म्हणाले. "बाकी माल चांगला आहे."

मग मी जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते जेमतेम तासभर माझं होतं. बाबा उठले, टेबलाचे खण उपसले आणि खोडरबर घेऊन आले. उभ्या आयुष्यात त्यांनी आपली फुली कधी पुसली नसेल. त्यांच्या हातातला तो खोडरबर बघितला आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी तो काढून घेतला.

ते तिकीट आता माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर आहे. परवा माझी एक संग्राहक मैत्रीण बघून हळहळली.

"अगं, हे तर बाद झालं."

"झालंच आहे," मी म्हटलं. "माझ्या बाबांनी केलंय."