पाचव्या मजल्याची सावली

सूड घ्यायला मला वीसेक वर्षं लागली, आणि तो मी नगर परिषदेच्या सभागृहात, माइकवर, चारचौघांच्या देखत घेतला. त्यात लपवायचं काय?

आमचं अंगण तेव्हा पूर्वेला उघडं होतं. उन्हाळा लागला की सासू पिंपळगाव राजाहून आलेला गहू भिजत घाली. दळून त्याचा चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि सूर्य वर येता येता बाजेवर कुरडया पडल्याच पाहिजेत. पहिल्या दिवशी सकाळपासून कडक ऊन लागलं नाही तर कुरडई आंबते. पश्चिमेकडच्या टिनाच्या घरातली भाबी दरवर्षी सोऱ्या घेऊन मदतीला यायची. आधी आमच्या अंगणात घालायच्या, दुसऱ्या दिवशी तिच्या. सासूच्या कुरडया अख्ख्या गल्लीत वाटल्या जात. म्हातारीचा तोच तोरा होता, आणि तो तिला शोभायचा.

मग पूर्वेच्या शेजाऱ्याने जुनं घर पाडून तीन मजली बांधायला काढलं, तेही आमच्या भिंतीला भिंत लावून. सासू स्वतः त्याच्याकडे गेली. मी सोबत होते. ती म्हणाली, "बापा, आमच्याकून तीन-चार फूट सोड. सकायचं ऊन तं येऊ दे."

तो वाळूच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसला होता. उठलासुद्धा नाही. "काऊन काकू," म्हणाला, "ऊन काय तुमच्या सातबाऱ्यावर लिवलं हाये?"

गवंडी हसले. सासू परत फिरली. पदर डोक्यावरून नीट करत होती, तो तिचा हात मला अजून दिसतो.

पुढच्या उन्हाळ्यात कुरडया आंबल्या. सासू बाज ओढत ओढत उन्हामागे फिरली, पण ऊन अंगणात यायचं तेव्हा चीक विटायला लागलेला असायचा. सगळं गाईपुढे टाकलं. त्याची बायको बिचारी भली. भिंतीवरून म्हणाली, आमच्या गच्चीवर घाला. सासूने मान वर केली. "नाही वं माय, येते ऊन आमच्याइथं. जरा उशिरा येते, एवढंच."

त्यानंतर तिने गहू भिजवला नाही. काही वर्षांनी ती गेली. तेराव्याला पानात कुरडई हवी म्हणून दुकानातून पुडा आणला. तो तळताना मी कढईसमोर रडले आणि तिथेच ठरवलं, की मेल्या, तुझं ऊन मी खाईन.

तो पुढे नगरसेवक झाला. गच्चीवर सोलर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वर नेऊन पाट्या दाखवायचा.

आणि मग शहराचा नवा विकास आराखडा आला. पुढच्या वीस वर्षांत लोक राहतील कुठे, हा प्रश्न होता. शेगावकडच्या रस्त्याने काळी शेतं एकेक करून प्लॉट होत चालली होती. आराखड्यात म्हटलं होतं, गाव आडवं पसरवण्यापेक्षा उभं वाढू द्या, आणि आमच्या रस्त्यावर पाच मजल्यांची परवानगी सुचवली होती. हरकती आणि सूचना मागवल्या. पाच मजले होऊ द्या, अशी मी सूचना दिली. अख्ख्या आयुष्यात सरकारी कागदावर इतक्या आनंदाने सही केली नव्हती.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. भाबी माझ्या शेजारी बसली होती. एक सदस्य म्हणाला, आठ-आठ दिवस नळ येत नाही, पाचव्या मजल्यावर पाणी काय देव चढवणार? दुसरा म्हणाला, मग सगळी वावरं बुडवा आणि खा सिमेंट. दोघांचंही खरं होतं. पण मी त्याची वाट पाहत होते.

तो उठला. शुद्ध भाषेत बोलला. म्हणे, "आमच्या रस्त्यावर दाटी नको. पश्चिमेला उंच इमारत झाली तर दुपारनंतर माझ्या गच्चीवर सावली पडेल. सूर्यप्रकाश हा नागरिकाचा हक्क आहे."

हक्क! माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. नाव पुकारल्यावर मी माइकपाशी गेले, अध्यक्षांना नमस्कार केला आणि त्याच्याकडे वळले.

"काऊन भाऊ, ऊन काय तुमच्या सातबाऱ्यावर लिवलं हाये?"

आमच्या गल्लीतल्या बायांना ते वाक्य पाठ होतं. सासूने मरेपर्यंत सांगितलं होतं ना! हशा झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या भाबीने वाजवल्या. त्याचं तोंड वांग्याच्या भरितासारखं झालं. मी भाबीशेजारी जागेवर येऊन बसले.

पाच मजले मंजूर झाले. मुलाने बिल्डरशी बोलणी केली तेव्हा मी एकच अट घातली होती, गच्ची माझी. घर उभं राहिलं आणि पहिल्याच एप्रिलात मी गहू भिजवून गच्चीवर कुरडया घातल्या. त्याच दुपारी कठड्याशी उभी राहून खाली बघितलं. त्याच्या सोलरच्या पाट्यांवर आमची सावली चढत होती आणि तो कमरेवर हात ठेवून वर बघत होता. मी हात हलवला. मनात सासूला म्हटलं, आत्याबाई, बघा! इतकं गार मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारची सावली पूर्वेला पडते तशी सकाळची पश्चिमेला पडते. हे मला सभागृहात ठाऊक नव्हतं असं नाही. टाळ्या वाजवणारे भाबीचे हात शेजारी दिसत होते आणि मनात एकदा आलंही होतं. मी ते मनातच दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गच्चीवर गेले. माझ्या कुरडया उन्हात पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या. खाली पश्चिमेला, आमच्या सावलीत, भाबी बाज ओढत होती. बाजेवर ताज्या कुरडया होत्या.

"भाबी," मी वरून ओरडले, "ये ना वं वर! सगळी गच्ची मोकळी हाये."

तिने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"नाही ताई," ती म्हणाली, "येते ऊन आमच्याइथं. जरा उशिरा येते, एवढंच."

आणि तिने बाज आणखी थोडी ओढली.