बापासाठी दहा माणसं

मंडळी, सिनेगॉगच्या या फळ्यावर एरवी प्रार्थनेच्या वेळा असतात. आज माझा संताप वाचा.

सकाळी महाबळेश्वरला निघालेल्या एका बगदादी ज्यू शेठची मोटार आपल्या दारात थांबली. त्याच्या बापाची पुण्यतिथी होती. मृतांसाठीची कद्दीश प्रार्थना म्हणायला त्याला दहा ज्यू पुरुष हवे होते; त्याहून कमी चालत नाहीत.

मी कचेरी सोडून साताराभर घरोघर पळालो. हसाजीकाका तापानं फणफणलेले, तरी आले. बायकांनी प्रार्थनेनंतरच्या मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे भिजवले. अर्ध्या तासात आम्ही दहा जण टोप्या घालून उभे!

शेठनं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "तुम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. इथल्याच लोकांसारखे दिसता, मराठी बोलता. तुम्हाला मी दहांत धरत नाही."

आणि सरळ मोटारीकडे वळला! मी त्याच्या अंगावर जाणार, तोच काकांनी माझा हात धरला.

"जाऊ दे रं. त्याच्या बापाचं नाव काय, तेवढं इचारून घे."

मी मोटारीपाशी जाऊन नाव विचारून घेतलं. मोटार गेल्यावर त्याच नावानं आम्ही दहांनी कद्दीश म्हटली. मी मात्र दातओठ खात म्हटली.

मंडळी, अशी प्रार्थना त्या म्हाताऱ्याला पोचली असेल का?