न मोजलेला श्वास

घाबरायला खात्रीबाईंना निमित्त लागत नसे. घरातून निघताना गॅस बंद आहे ना, हे त्या तीनदा बघत. कुलूप लावून झालं की ओढून बघत. आणि कोपऱ्यापर्यंत गेल्या की पुन्हा मागे फिरत. "आई, एक दिवस तू ते कुलूप उपटून कामावर घेऊन जाशील," असं त्यांची लेक म्हणायची. हॉस्पिटलात तर विचारूच नका. इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव कपाटातून काढताना एकदा, सिरिंजमध्ये भरताना एकदा आणि पेशंटच्या उशाशी उभं राहून एकदा वाचायचं, तेही ओठ हलवत. "थांबा हं, एकदा खात्री करून घेते," हे वाक्य नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्या इतक्यांदा बोलल्या होत्या, की त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या खात्रीबाई. चेष्टा होती खरी. पण स्वतःची आई ऑपरेशनला आणली, की यांतल्या प्रत्येकाला ड्युटीवर खात्रीबाईच हव्या असत.

अशी बाई रोज चोवीस वेळा खोटं लिहीत होती, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

त्याचं असं होतं. सर्जरीच्या त्या वॉर्डात चोवीस खाटा आणि दुपारी दोन नर्स. दर चार तासांनी प्रत्येकाच्या तक्त्यात ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास हे चार आकडे भरायचे. पहिले तीन यंत्र सांगतं. श्वासासाठी मात्र हातात घड्याळ धरून, पेशंटच्या छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट नुसतं उभं राहावं लागतं. आणि नुसत्या उभ्या राहिलेल्या नर्सला कुणी उभं राहू देत नाही. इकडून बेडपॅन, तिकडून सलाईन, मागून एखादी वहिनी "सिस्टर, जरा येता का?" म्हणून पदर धरायची तेवढी बाकी असते. म्हणून सगळ्यांचा श्वास वीस. सकाळी वीस, दुपारी वीस, म्हाताऱ्याचा वीस, पोराचा वीस. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात थोरल्या सिस्टरनी सांगितलं होतं, "जो बोलतोय त्याचा श्वास चालूच आहे. लिही वीस आणि हो पुढे." खात्रीबाईंनी लिहिलं आणि पुढे झाल्या. सगळेच करतात त्या गोष्टीची भीती वाटत नाही, ही भित्र्या माणसांची मोठी गोची असते.

त्या दिवशी दोन वाजता सकाळच्या सिस्टरनी वॉर्ड ताब्यात दिला. नऊ नंबरपाशी त्या म्हणाल्या, "टेलरकाका. आतड्याचं ऑपरेशन, आज तिसरा दिवस. गुणी पेशंट, हूं की चूं नाही." खात्रीबाईंनी यंत्र लावलं. नाडी जरा जास्त, एकशे चार. रक्तदाब जरा कमी. टाके दुखत असतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि चौथ्या चौकोनात वीस लिहिला. टेलरकाकू स्टुलावर बसून नवऱ्याचे पाय चेपत होत्या. "सगळं ठीक आहे ना हो सिस्टर?" त्यांनी विचारलं. "ठीक आहे," खात्रीबाई म्हणाल्या.

चार वाजता वॉर्डात एकच कल्लोळ उडाला. तीन नंबरच्या गृहस्थांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यांच्यापेक्षा जास्त दुखत होतं त्यांच्या मेव्हण्याला. "अहो, माणूस तडफडतोय इथे! कुणी आहे की नाही?" असा त्याचा आवाज जिन्यापर्यंत जात होता. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून नवा पेशंट ट्रॉलीवर आला. जोडीची नर्स त्याला खाटेवर घ्यायला धावली. सतरा नंबरची सलाईन निघून चादर ओली झाली होती. खात्रीबाई दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन तीन नंबरकडे निघाल्या आणि वाटेत नऊ नंबर लागला.

"सिस्टर," टेलरकाका म्हणाले. मग थांबले. "पाणी..." पुन्हा थांबले. "जरा मिळेल?"

खात्रीबाई "आणते हं" म्हणून दोन पावलं पुढे गेल्या आणि त्यांचे पायच थबकले. हे काका तासाभरात चौथ्यांदा पाणी मागत होते. आणि एका वाक्यात ते दोनदा थांबले होते.

"काका, त्रास होतोय का?"

"छे. आधी... त्यांचं बघा. मला... घाई नाही."

त्यांची बोटं चादरीच्या काठावर चालत होती, शिलाई तपासावी तशी. खात्रीबाईंनी तो हात धरला. हात गार होता.

"ओ बाई! तिकडे काय करताय? इकडे!" मेव्हणा ओरडला.

ओरडायला दम लागतो, आणि तीन नंबरकडे तो दोन माणसांचा होता. नऊ नंबरकडे एका वाक्यापुरताही नव्हता. एवढा साधा हिशेब करायला खात्रीबाईंना क्षण लागला नाही. भीती वेगळीच होती. आता घड्याळ धरायचं, म्हणजे दोन वाजता आपण लिहिलेल्या आकड्यासमोर उभं राहायचं. त्यांनी इंजेक्शनचा ट्रे खिडकीत ठेवला आणि घड्याळ धरलं. अर्ध्या मिनिटात सतरा. चुकलं असेल म्हणून पूर्ण मिनिट मोजलं. चौतीस. यंत्र लावलं तर नाडी एकशे सव्वीस आणि रक्तदाब आणखी खाली.

"काकू, तुम्ही बाहेर थांबा," त्या म्हणाल्या. त्यांच्याच कानांना आपला आवाज परका वाटला.

काकांना ऑक्सिजन लावून त्यांनी छोट्या डॉक्टरांना फोन केला. मोठे डॉक्टर थिएटरमध्ये अडकलेले. छोटे डॉक्टर म्हणजे दोन वर्षांपूर्वी शिकून आलेला, हुशार आणि घाईचा माणूस. मागच्या महिन्यात खात्रीबाईंनी अशीच हाक मारली होती आणि निघाले होते गॅसेस. तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "सिस्टर, तुमची खात्री तुमच्यापाशी ठेवा." या वेळी मात्र काकांकडे नजर जाताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी तक्ता उचलला.

"सकाळी दहाला वीस, दोनला वीस, आणि चारला चौतीस," ते स्वतःशीच मोठ्याने बोलत होते. "पोटात रक्तस्राव असता तर श्वास हळूहळू वाढत गेला असता. हे एकदम झालंय. फुप्फुसात गुठळी गेली. सिस्टर, रक्त पातळ करायचं इंजेक्शन भरा. लगेच. मी सरांना कळवतो."

खात्रीबाई कपाटाशी गेल्या. बाटली काढली, नाव वाचलं. सिरिंज भरली, नाव वाचलं. रक्त पातळ करायचं औषध. आणि आत कुठे टाका सुटून रक्त वाहत असेल, तर? तर हे औषध देणं म्हणजे नळ पूर्ण सोडून देणं. डॉक्टर कशाच्या जोरावर ठरवत होते? एका आकड्याच्या. तो आकडा कुठून आला होता? त्यांच्या पेनातून.

मनात काय काय येऊन गेलं, ते त्यांनी पुढे लेकीलाही सांगितलं नाही. गप्प बसावं, कदाचित गुठळीच असेल. नाहीतर वीसच्या शून्याला शेपूट काढून सव्वीस करावा. पण तो तरी खरा कशावरून? दोन वाजता हा माणूस किती श्वास घेत होता, हे आता जगात कुणालाच कळणार नव्हतं. सव्वीस वर्षांची नोकरी, घरची ती एकटी मिळकत, हजेरीपुस्तकातलं ते नाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"सिस्टर, झालं का?" डॉक्टरांनी हात पुढे केला.

"डॉक्टर, तो वीस मी मोजलेला नाही."

"काय?"

"दोनचा. न मोजता लिहिला. रोजच लिहितो आम्ही."

छोट्या डॉक्टरांनी तक्त्यावर पुन्हा बोट टेकवलं. "आणि सकाळचा?"

"तो माझा नाही. पण तोही वीसच आहे. सगळ्यांचे वीसच आहेत, तक्ते बघा." एकदा बांध फुटल्यावर त्या थांबल्या नाहीत. "नाडी दोनलाच एकशे चार होती. मी टाक्यांवर ढकललं. तासाभरात चारदा पाणी मागितलंय. हात गार आहेत. हे एकदम नाही झालेलं, डॉक्टर. हे सकाळपासून चाललं असेल. मला माहीत नाही. मी मोजलंच नाही."

डॉक्टरांनी सिरिंज घेतली नाही. वाकून त्यांनी काकांच्या पोटावर हात ठेवला, हलकेच दाबलं. इतका वेळ हूं की चूं न केलेला माणूस कळवळला. पोट फळीसारखं घट्ट झालं होतं. डॉक्टर उठले ते थेट फोनकडे. पुढचा पाऊण तास खात्रीबाईंना धड आठवत नाही. रक्ताच्या पिशव्या, दोन्ही हातांत सलाईन, ट्रॉली, आणि दाराशी टेलरकाकूंचा चेहरा. पोट उघडल्यावर आत दीड लिटर रक्त निघालं. थिएटरमधून बाहेर येताना छोटे डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "ते इंजेक्शन मी दिलं असतं, तर..." खात्रीबाईंनी मान वर केली नाही.

तीन नंबरच्या मेव्हण्याने त्याच संध्याकाळी तक्रार लिहून दिली: पेशंट तडफडत असताना नर्स घड्याळ बघत उभी होती. मेट्रनबाईंनी दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला, तो मात्र त्या तक्रारीवर नव्हता, वीसवर होता. खात्रीबाईंनी एका पानात, खाडाखोड न करता, सगळं लिहून दिलं. सकाळच्या सिस्टरनी बोलणं टाकलं. "स्वतःच्या गळ्यात घालून घ्यायचं होतं ते घ्यायचं, आम्हाला कशाला ओढलंत?" एवढंच एकदा म्हणाल्या. चौकशी बसली. निकाल लागेपर्यंत कामावर यायला मुभा होती, म्हणून त्या येत होत्या.

पाचव्या दिवशी टेलरकाका अतिदक्षता विभागातून परत वॉर्डात आले. अर्धे झाले होते. दुपारी ते झोपले असताना टेलरकाकूंनी खात्रीबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. "डॉक्टर म्हणाले, सिस्टर बोलल्या म्हणून वाचले. तुमचे पांग कसे फेडू हो मी?"

हे ऐकून घेऊन पुढच्या खाटेकडे जाता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. त्यांनी सांगितलं. दोन वाजता आपण काय लिहिलं, काय केलं नाही, सगळं. काकूंनी हात सोडला.

मग त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही यंत्र लावून गेलात ना, त्याच्यानंतर हे मला म्हणाले, अगं, दम लागतोय. तर मीच दटावलं त्यांना. म्हटलं, सिस्टर आत्ता बघून गेल्यात, ठीक आहे म्हणाल्या, तुमचं आपलं काहीतरीच. म्हणून हे गप्प पडून राहिले."

खात्रीबाईंना बसायला स्टूल नव्हतं. त्या खाटेचा दांडा धरून उभ्या राहिल्या. आजवर त्या चुकायला घाबरत होत्या. आपल्या एका 'ठीक आहे'ने माणसाची जीभ बांधली जाते, याची भीती त्यांना कधी वाटलीच नव्हती, आणि आता ती आयुष्यभर सुटणार नव्हती.

"मोजा," काकू म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

खात्रीबाईंनी घड्याळ धरलं. तीन नंबरला आता दुसराच कुणीतरी होता आणि तोही हाका मारत होता. त्या हलल्या नाहीत. काकू नवऱ्याच्या छातीवरची नजर काढत नव्हत्या. त्यांचेही ओठ हलत होते.

"अठरा," मिनिट संपल्यावर खात्रीबाई म्हणाल्या.

"माझे एकोणीस झाले," काकू म्हणाल्या. "पुन्हा मोजा."