आज माझी पाळी

मी विभागप्रमुख झाले त्या वर्षी आमच्याकडे कळवणचा एक तरुण प्राध्यापक रुजू झाला. अबोल, आदबशीर. बायको सातपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर, घरी दहा महिन्यांची मुलगी.

परीक्षा चालू होत्या. सकाळी स्टाफरूम भरलेली असताना तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, आजचं सुपरव्हिजन बदलून मिळेल का? मुलीला परवापासून ताप आहे."

"मग तिची आई काय करतेय?"

"काल ती राहिली घरी. आज माझी पाळी आहे."

शब्द आयताच हाती आला. मी मुद्दाम आवाज चढवला. "सर, तुमची पाळी? मग बसा की आराम करत. गरम पाण्याची पिशवी मागवू?"

आम्ही बायकाच जास्त हसलो. पुरुष आधी चपापले. मी हसतेय म्हटल्यावर तेही सुटले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि वर्गावर गेला.

दोन प्राध्यापक रिकामे बसले होते. एकाला पाठवता आलं असतं. मी नाही पाठवलं. माझ्या मुलाला गोवर आला होता, तेव्हा मी रजा मागितली तर तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले होते, "म्हणूनच बायका नकोत." मी बाथरूममध्ये रडून, तोंड धुऊन तास घेतला होता. याला मात्र मागितलं की मिळावं?

त्याच महिन्यात एक संशोधक विद्यार्थिनी प्राध्यापकांच्या भावनिक बुद्धिमत्तेची प्रश्नावली घेऊन आली. 'समोरच्याच्या मनातलं मला चटकन कळतं.' मी 'नेहमी'वर खूण केली. खोटं नव्हतं ते. कुठे लागेल ते मला त्या सकाळीही नेमकं कळलं होतं.

तो विनोद दीड वर्ष चालला. त्याने रजा टाकली की कुणीतरी विचारायचंच, "आली का सरांची?" मी कधी कुणाला थांबवलं नाही. तो डबाही वर्गातच खाऊ लागला.

मग त्याला गावाकडच्या कॉलेजात जागा मिळाली. कार्यमुक्तीच्या अर्जावर सही घ्यायला तो माझ्या केबिनमध्ये आला. बसला नाही. मला माफी मागायची होती.

"मुलीचं नाव काय ठेवलंत हो?" मी विचारलं.

त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला.

"सही करा मॅडम. खाली गाडी थांबलीय."

मी सही केली.