सावड मोडायचा माझा सल्ला

मी पिरंगुटच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि यंदा स्वतःच्याच विषयाचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

ताम्हिणीकडे माझ्या थोरल्या भावाची भातखाचरं आहेत. लावणी सावडीनं व्हायची: चार घरं मिळून आज आमच्यात, उद्या शेजाऱ्याच्यात, सगळ्यांची उरकेपर्यंत. चार वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला. दादाला म्हणालो, "दुसऱ्यांच्या चिखलात कशाला राबतोस? तेवढे दिवस ढाब्यावर काम कर, त्यातून मजूर लाव. नाहीच जमलं तर पुन्हा सावड धर." काय माझा रुबाब! जणू पंपाचं बटण, बंद केलं आणि चालू केलं. दादानं शिकलेल्या भावाचं ऐकलं.

दोन वर्षं मजूर मिळाले. मग ते महाळुंग्याच्या बांधकामांवर गेले. मी म्हणालो, मजुरी वाढव, येतील. कुठले येतायत! यंदा रोपं वाफ्यातच पिवळी पडायला लागली, तेव्हा वहिनी पुन्हा सावड धरायचं विचारायला शेजारणीकडे गेली. पण आम्ही बाहेर पडल्यावर बाकीच्यांचीही सावड मोडली होती. एका घरातली सून भरे गावातल्या कंपनीत कामाला जाते, दुसऱ्यानं खाचरंच विकली. शेजारीण तोंडावर म्हणाली, "तवा आमी येत व्हतो, तुमीच नगं म्हनलात. आता मानसं कुटनं आनू?"

काय चुकीचं बोलली ती? "इतर परिस्थिती कायम असताना" हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलंय! किंमत हलली की माणसं हलतात आणि सगळं पुन्हा जागेवर येऊन बसतं म्हणे. डोंबलाचं बसतं! एक सवय मोडली की माणसं दुसरी लावून घेतात, तिच्यावर घर उभं करतात, आणि मागं फिरायची वाट उरत नाही. हेही माझ्याच विषयातल्या काहींनी केव्हाच सांगितलंय. परीक्षेला येत नाही म्हणून तो धडा मी दरवर्षी गाळतो.

रजा टाकून दोन दिवस मी स्वतः चिखलात उतरलो. कंबरेचा पार भुगा झाला आणि एक खाचर जेमतेम लागलं. खालची तीन खाचरं पडीक राहिली. घरचं वर्षाचं खाणं त्यातच पिकायचं. दादानं उलट माझ्याच कंबरेला तेल चोळून दिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निघताना चपला घालत मी म्हणालो, "दादा, मी काय म्हणतो, पुढल्या वर्षी..."

वहिनीनं मध्येच तोडलं. "भावजी, तुमी कवाबी या, जेवा, ऱ्हावा. पर ह्यास्नी आता कायबी सांगू नगा."