किल्टवाल्या बाई

किल्टवाल्या बाई माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी पाठ. नेदरलंडमधल्या उइटहॉर्नच्या बॅगपाइप बँडमध्ये मी ड्रम वाजवायला गेलो, तेव्हा हात पुढे करून नाव सांगत होतो, तर त्या म्हणाल्या, "वळ."

"मी पुण्याचा," मी भिंतीला सांगितलं.

"असशील. सरळ उभा राहा."

बाई पक्क्या डच, पण यजमान स्कॉटलंडचे. ते गेले आणि बँडचे किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे घागरे, हातानं शिवायचं काम बाईंकडे राहिलं. चौकडीची जाड लोकर, मागे पंचवीस-तीस निऱ्या. संधिवातानं बोटं आखडायला लागली, तेव्हा त्यांनी शनिवारी सकाळी मला हाताशी घेतलं. "ऑफिसात दिवसभर बसतोसच, इथेही बस."

प्रत्येक निरी पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी खालपर्यंत बांधायची. मग ओलं फडकं ठेवून जड इस्त्री नुसती दाबायची, फिरवायची नाही. कापड पूर्ण गार झालं की मगच दोरे काढायचे.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी मी हुशारी केली. माझ्याच किल्टचे दोरे गरम असतानाच उपसले. निऱ्या छत्रीसारख्या फुलल्या! आता बोलणी बसणार, असं वाटलं. बाईंनी कॉफी ओतली, एक बिस्किट दिलं, डबा बंद केला आणि सुई पुढे केली. "रुस्तख." म्हणजे सावकाश.

जेवणाची वेळ टळली. बायकोचा फोन आला. "आहेस कुठे?"

"निऱ्या घालतोय."

"माझ्या साडीच्या निऱ्या धरायला कधी आला नाहीस तो!"

पुढे बाईंची नजर गेली. मुलीनं त्यांना लायडस्खेनडामच्या वृद्धाश्रमात नेलं. बँडचे लोक कापड घेऊन माझ्याकडे यायला लागले. पहिला संपूर्ण किल्ट झाला, तो मी त्यांना दाखवायला नेला. शाबासकी मिळणार याची खात्रीच होती.

त्यांनी तो मांडीवर पसरला. एकेका निरीवरून बोट फिरवत गेल्या, मध्येच थांबल्या, एक निरी मागे आल्या.

"ही कुणी घातली?"

"मीच."

"आणि हिच्या शेजारची?"

"तीही मीच."

"शेजारची सुरेख आहे. ही उसव."

नर्सकडून कात्री मागून घेतली आणि तिथेच, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून, मी उसवायला लागलो. बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या दिवशी मात्र मी मुद्दामच एकेक टाका फार हळू काढत होतो.